खुर्चीले विचार

प्रिय ओवी आणि निहार,

हे पत्र लांब आहे. एका बैठकीत संपलं नाही तर खूण घालून ठेवा, पण मधली पानं गाळू नका. जिथं अडेल तिथं आईला विचारा. तिचं मराठी मी पक्कं करूनच पाठवलं होतं.

मागच्या रविवारी ओवीनं फोनवर विचारलं, "आजी, 'व्हॉट डू यू डू' यात डू दोनदा का येतो? त्यातला एक तर काहीच करत नाही." मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. एक मुख्य क्रियापद आणि एक साहाय्यकारी, हे उत्तर मी झोपेतही देऊ शकते. पण त्या दिवशी मी फोन घाईनं ठेवला, कारण तुझा प्रश्न ऐकताच मला दुसरीच एक बाई बोलताना ऐकू आली. "मले काहून विचारतेस? खुर्चीले विचार."

आत्ता लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. मी जिथं शिकवलं त्या शाळेची स्मरणिका निघते आहे. माझ्याकडून चार पानं मागवली, मी दिली. त्यातला या बाईवरचा मजकूर वगळून लेख परत आला. सोबत नम्र चिठ्ठी, की हा विषय आता नको. तुमचे आजोबा म्हणाले, जाऊ दे, जुनं कशाला उकरून काढतेस. मी लेख परत मागवून घेतला, आणि जे वगळलं होतं तेच आता तुमच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

शाळेचं नाव लिहीत नाही, तिला आपल्या नावाची आधीच फार हौस आहे. बाईचंही लिहीत नाही, पण त्याचं कारण वेगळं. तिनंच एकदा मला सांगितलं होतं, "माह्याबद्दल काही लिवलं त नाव नका लिवू, मॅडम. आडनाव वाचलं की लोक पुढचं वाचत नाहीत." तेव्हा तुम्ही पुढचं वाचा.

ती आमच्या शाळेत आली तेव्हा तिशीची असेल. ठेंगणी, भरभर चालणारी, खांद्याला कापडी झोळी. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे रुळांवरचे मजूर, मूळचे भंडाऱ्याकडचे; तिचा जन्म मात्र इथलाच, स्टेशनपलीकडे मालधक्क्याला लागून जी गुढियारी आहे तिथला. आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. स्टाफरूममध्ये आम्ही चौघी-पाचजणी मराठी होतो. ती "मले", "तुले", "करून राहिली" म्हणाली की आमच्यातल्या दोघी एकमेकींकडे बघायच्या. तिनं ते पहिल्याच आठवड्यात टिपलं, आणि त्या दोघी खोलीत असल्या की ती जास्तच मोठ्यानं मराठी बोलायला लागली.

ती तात्पुरत्या नेमणुकीवर होती. दर जूनमध्ये नवा कागद मिळाला तर पुढचं वर्ष. नववी-दहावीच्या 'अ' तुकडीला मी इंग्रजी शिकवायची, 'ब' तुकडी तिला दिली होती. 'ब' म्हणजे गुढियारीच्या पोहा मिलांत, डाळ मिलांत, मालधक्क्यावर ज्यांचे आईबाप कामाला होते त्या मुली. त्या तुकडीकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती, आणि अपेक्षा नसली की जास्तीचं कामही पडत नाही, म्हणून नव्या शिक्षिकेला ती दिली जायची.

दुसऱ्या आठवड्यात ती सायकलरिक्षातून एक खुर्ची घेऊन आली. हातांची, जुन्या सागवानाची, वडिलांच्या रेल्वे क्वार्टरातली. तिचा डावा हात सैल होता. त्यावर कोपर टेकलं की तो खट् करून वाजायचा आणि बसणाऱ्याला चिमटा काढायचा. खुर्ची वर्गात फळ्यापुढे ठेवून तिनं झोळीतून एक पांढरा टॉवेल काढला, हिरव्या काठाचा, गोलबाजारातून आणलेला. तो झटकून पाठीवर पसरला, दोन्ही टोकं सारखी केली आणि दोन पावलं मागं सरकून बघितलं. पुढे रोज सकाळी ती हे असंच करायची. पहिल्या दिवशी मी दारातून बघत होते. मला वाटलं, खुर्ची मळू नये म्हणून करते आहे.

तुम्ही तिकडे परदेशात वाढलात, म्हणून सांगायला हवं. आमच्याकडे साहेबाच्या खुर्चीवर टॉवेल असतो. जितका मोठा साहेब तितका पांढरा टॉवेल. टॉवेल नसलेल्या खुर्चीत बसलेला माणूस साहेब नसतो, तो साहेबाची वाट बघत असतो.

तिच्या वर्गाचा नियम असा होता. रोज एक मुलगी त्या खुर्चीत बसून साहेब व्हायची. कधी रेशनचा साहेब, कधी बँकेचा, कधी दवाखान्यातला. बाकीच्या रांगेनं पुढे यायच्या. प्रत्येकीनं खुर्चीला इंग्रजीतून एक प्रश्न विचारायचा आणि एका गोष्टीला इंग्रजीतून नाही म्हणायचं. ते झाल्याशिवाय आपल्या जागेवर बसायचं नाही. साहेबानं खेकसायचं, घड्याळ बघायचं, "कल आना" म्हणायचं. साहेब झालेली मुलगी हसली की बाद. कुणी अडली आणि बाईकडे बघायला लागली की बाई खिडकीबाहेर बघायची आणि म्हणायची, "मले काहून विचारतेस? खुर्चीले विचार."

माझा वर्ग शेजारीच, मध्ये पातळ भिंत. मी फळ्यावर रेघा मारून डू, डज, डिड यांचे तीन रकाने आखत असायची आणि पलीकडून वीस मुली एका लाकडी खुर्चीशी भांडत असायच्या. एकदा न राहवून मी गेले आणि विचारलं, हा तास आहे की नाटक?

"मॅडम, तुमच्या पोरी इंग्लिश लिवतात," ती म्हणाली. "माह्या पोरी कोणाले लिवणार आहेत? त्यांले बोलाचं आहे."

"बोलायलाही नियम लागतात."

"लागतात ना. सांगते त." आणि माझ्यासमोरच तिनं वर्गाला सांगितलं. डू म्हणजे आपल्या पाऱ्यातली, मोहल्ल्यातली मावशी. रोजचं सगळं सुरळीत चाललं असलं की ती घरात असते, दिसत नाही. मी भात खाते, मी शाळेत जाते, यात डू कुठं आहे? घरात. पण कोणाला काही विचारायचं झालं, कोणाला नाही म्हणायचं झालं, की ती आधी दारात येऊन उभी राहते आणि तिच्यामागं आपण. आणि कोणी म्हणालं की तुला काही येत नाही, तर तेव्हाही तीच पुढे येते. आय डू नो. मला येतं. "बाकी वेळी ते सोता बी काम करते. डू द वर्क. भांडी तिचीच, भांडण बी तिचंच."

मुली हसल्या. मी माझ्या रकान्यांकडे परत गेले. असं उदाहरण मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही.

शाळेत मनहरण भैया नावाचे चपराशी होते, निवृत्तीला आलेले, अभनपूरकडचे. त्यांची नजर अधू झाली होती. एकदा तिच्या वर्गावरून जाताना त्यांना आत टॉवेल दिसला. त्यांना वाटलं, संचालक साहेब तपासणीला बसलेत. ते लगबगीनं गेले आणि झाकणाचा पेला बशीत घेऊन आले. वाकून नमस्कार केला, पेला पुढे धरला. खुर्चीत त्या दिवशी दुलारी बसली होती. आई पोहा मिलमध्ये, वय चौदा, दोन घट्ट वेण्या. ती हसली नाही. तिनं पेला घेतला, दोन घोट पाणी पिऊन परत दिला आणि म्हणाली, "ठीक है. कल आना." मनहरण भैया "हव साहेब", म्हणजे हो साहेब, म्हणून गेले. दारापर्यंत गेल्यावर त्यांना वेण्या आठवल्या असाव्यात, कारण ते तिथंच थबकले. वर्ग फुटायच्या बेतात होता. बाईनं ओठ दाबून धरले होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. पण साहेब हसला नव्हता, म्हणून कोणीच हसलं नाही.

एकदा मी तिला विचारलं होतं, इंग्रजीचाच एवढा हट्ट का? या मुली हिंदीत, छत्तीसगढीत चांगल्या भांडतात की. तिनं डब्यातली भाकर मोडता मोडता उत्तर दिलं. "मराठी बोललं की लोक जात ओळखतात. हिंदी बोललं की पारा ओळखतात. इंग्लिश बोललं त घडीभर थांबतात, का ही कोण आहे म्हणून. तेवढ्या घडीत प्रश्न विचारून घ्याचा."

आता त्या गोष्टीकडे येते, जी स्मरणिकेला नको आहे.

आमच्या फाटकावर एक फलक होता: दहावीचा निकाल शतप्रतिशत. दर वर्षी तो नव्यानं रंगवला जायचा. शंभर टक्के निकाल लावायचे दोन मार्ग असतात. सगळ्यांना शिकवणं हा एक. दुसरा असा, की ज्या मुली नापास होतील असं वाटतं त्यांचा परीक्षेचा फॉर्म शाळेतून भरायचाच नाही. त्यांच्या घरच्यांकडून आधी अर्ज लिहून घ्यायचा, की आम्ही स्वेच्छेनं मुलीला शाळेतून काढतो आहोत, ती परीक्षा प्रायव्हेट देईल. कागदावर सगळं व्यवस्थित. पण शाळा सुटली की गुढियारीत कोणती मुलगी प्रायव्हेट परीक्षा देते? ती आईबरोबर पोहा मिलमध्ये जाते, नाही तर तिचं लग्न ठरतं.

तिच्या 'ब' तुकडीचं दहावीचं वर्ष होतं. तिमाही परीक्षा झाली, फॉर्म भरायचे दिवस आले. संचालक साहेबांनी माझ्याकडे कच्च्या मुलींची यादी मागितली, कारण इंग्रजी विभागाची प्रमुख मी होते. मी यादी केली. तुम्हाला माझं काम माहीत आहे: वर्णानुक्रमे नावं, पुढे गुण, पुढे पालकाचं नाव, शीर्षकाखाली तांबडी रेघ. अकरा नावं होती. सहावं दुलारीचं. यादी कशासाठी हवी ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

दोन दिवसांनी छापील अर्जांचा गठ्ठा तिच्या हातात ठेवला गेला, अकरा घरांतून सह्या आणा म्हणून. तिनं तो दुसऱ्या दिवशी तसाच कोरा परत केला. "मी नाही आणत," एवढंच म्हणाली. तिला जूनमधल्या कागदाची आठवण करून दिली गेली. ती म्हणाली, आठवण आहे.

त्या दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली. हातात यादीची प्रत.

"अक्षर त तुमचं दिसून राहिलं, मॅडम."

"मला मागितली, मी दिली," मी म्हणाले.

तिनं यादीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "सुंदर लिवली आहे," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, म्हणून ते जास्त लागलं. मग प्रत घडी करून झोळीत ठेवली. "एकदा माह्या खुर्चीत येऊन बसा. तुमाले विचाराचं आहे. असं उभ्याउभ्यानं नाही."

मी बसले नाही. मला तास होता.

शनिवारी अकरा मुली आणि त्यांचं घरचं एकेक माणूस, असं सगळ्यांना साहेबांनी स्वतःच ऑफिसात बोलावलं. मलाही बोलावलं, यादी माझी म्हणून; आणि वर्गशिक्षिका म्हणून तिला. साहेबांची फिरती खुर्ची त्या आठवड्यात बिघडली होती. ते बसले की ती हळूहळू खाली जायची आणि बोलता बोलता साहेबांची हनुवटी टेबलाला लागायची. शुक्रवारी ती दुरुस्तीला गेली, टॉवेल धोब्याकडे. तेव्हा शनिवारी साहेबांना बसायला साजेशी खुर्ची मनहरण भैयांना शाळेत एकच सापडली. ती त्यांनी वर्गातून उचलली आणि टेबलामागे आणून ठेवली, टॉवेलासकट.

आम्ही आत गेलो तेव्हा साहेब तिच्यात बसलेले होते.

मी मुलींकडे बघत होते. बाहेर व्हरांड्यात त्या एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या, दोघी रडल्याही होत्या. आत आल्या, खाली मान घालून ओळीत उभ्या राहिल्या. साहेबांनी अर्ज पुढे सरकवले, शाईचा पॅड उघडला आणि समजावण्याच्या सुरात सुरुवात केली. देखिए, इसमें बच्चियों का ही भला है. हे म्हणताना त्यांनी डावं कोपर टेकलं.

खट्.

अकरा माना एकदम वर झाल्या. साहेबांनी कोपर चोळलं. मुलींनी खुर्ची बघितली, टॉवेल बघितला, हिरवा काठ बघितला. नववीपासून रोज सकाळी जिला प्रश्न विचारले तीच खुर्ची. ओळीतली एक पाठमोरी होऊन खोकली. तो खोकला नव्हता. मग मी पाहिलं, कोणी न सांगता त्यांची ओळ मोडली आणि रांग झाली. दुलारी पहिली.

"डज यू हॅव इट इन रायटिंग, सर?" तिनं विचारलं. आम्ही शाळा सोडायची हे तुमच्याकडे कुठं लेखी आहे का?

डज नव्हे, डू. माझा उजवा हात तांबडं पेन शोधत हलला, हे मला स्पष्ट आठवतं. मी तो मुठीत धरून ठेवला.

साहेब हिंदीत म्हणाले, लेखी कशाला, हा शाळेचा निर्णय आहे. दुलारी बाजूला झाली, पण बसली नाही. मागची पुढे आली. डू अदर स्कूल्स डू धिस, सर? तिच्या मागची. डू वी हॅव टू साइन, सर? साहेबांचा आवाज चढला. ते चिडतील तशा मुली शांत होत गेल्या, कारण खुर्चीनं खेकसायचं हे त्यांच्या हिशेबात होतंच. साहेबांनी घड्याळ बघितलं. तेव्हा दोघींना हसू आवरेना.

"दिन भर हँसती रहती हैं," साहेब पालकांकडे वळून म्हणाले. "पढ़ती-लिखती हैं नहीं."

"आय डू स्टडी, सर," दुलारी म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "आय डू नॉट वॉन्ट टू साइन."

दुलारीची आई इतका वेळ अंगठा शाईच्या पॅडवर धरून उभी होती. पोरगी काय बोलली ते तिला कळलं नव्हतं. साहेब गप्प झाले एवढं कळलं. तिनं अंगठा उचलला, लुगड्याला पुसला आणि म्हणाली, "मोर नोनी नइ करय, त महूँ नइ करंव." माझी पोर करत नाही, तर मीही करत नाही. मग बाकीचे दहाजण आपापले हात मागं घेऊन उभे राहिले.

साहेब माझ्याकडे वळले. "मैडम, लिस्ट तो आप ही ने बनाई है ना?"

सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "फाइल देखनी पड़ेगी." चौतीस वर्षांत मी वर्गात खोटं बोलले नाही, पण हे बोलले. फाइल माझ्याच हातात होती.

बाई खिडकीबाहेर बघत होती.

अर्ज कोरेच राहिले. शाळा स्वतः लेखी द्यायला तयार नव्हती, त्यामुळे अकराही फॉर्म शाळेतून भरले गेले. नंतर मी तिला विचारलं, खुर्ची ऑफिसात कशी गेली? तिनं भुवया वर केल्या. "मले काहून विचारता? मनहरण भैयाले विचारा." मनहरण भैयांना विचारलं तर ते म्हणाले, "टॉवेल तो उसी में था, मैडम." याच्यापुढे मला आजपर्यंत काही कळलेलं नाही, आणि कळावंसंही वाटत नाही.

त्या अकराजणी पुढे पहिल्या वर्गात पास झाल्या असं लिहायला मला आवडलं असतं. तिघी नापास झाल्या, त्यातली एक इंग्रजीतच. फाटकावरचा फलक त्या वर्षी रंगवला गेला नाही. दुलारी पास झाली, पुढे नर्सिंगला गेली. जूनमध्ये बाईला नवा कागद मिळाला नाही.

ती खुर्ची न्यायला आली त्या दिवशी ऊन रणरणत होतं. मनहरण भैयांनी खुर्ची ई-रिक्षाच्या मागच्या बाजूला दोरीनं बांधली. तिनं टॉवेल काढून झोळीत ठेवला, मग काय वाटलं कोण जाणे, परत काढून खुर्चीच्या पाठीवर पसरला, टोकं सारखी केली. स्टाफरूमच्या खिडकीतून सगळे बघत होते हे तिला माहीत होतं. मी फाटकापर्यंत गेले.

"एक बाकी आहे, मॅडम," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"घरी वर्ग घेईन. दर रविवारी. गुढियारी काई लांब नाही तुमच्या घरून." आणि रिक्षा निघाली, मागं टॉवेल फडफडवत.

गुढियारी खरंच लांब नाही. मी अकरा वर्षं गेले नाही. निवृत्त झाले, तुमच्याकडे दोनदा येऊन गेले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दर वेळी कारण खरंच होतं.

या थंडीत ती आजारी पडली. दुलारी ज्या दवाखान्यात नर्स आहे तिथंच तिला ठेवलं होतं. पुढचं मला दुलारीनं सांगितलं. मोठे डॉक्टर यायचे, तिच्या नवऱ्याशी इंग्रजीत बोलायचे, जणू पलंगावर कोणी नाही. तिनं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी उशीला टेकून बसली आणि विचारलं, "डॉक्टर, डू आय हॅव टिल मार्च?" मार्चमध्ये तिच्या रविवारच्या वर्गातल्या मुलींची परीक्षा होती. डॉक्टर घडीभर थांबले. मग स्टूल ओढून तिच्याजवळ बसले आणि तिच्याशीच बोलले, खरं ते. नाही म्हणाले. तिनं त्यांचे आभार मानले आणि दुलारीला कागद-पेन आणायला सांगितलं. कोणत्या मुलीचं काय कच्चं आहे ते लिहून दिलं. वर्णानुक्रम नाही, रेघा नाहीत; प्रत्येक नावापुढे एकेक ओळ, काय शिकवायचं त्याची. ती यादी मी पाहिली आहे.

फेब्रुवारीत ती गेली. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्याकडच्या श्रद्धांजलीच्या दिवशी, मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले. पुढची खोली माणसांनी भरली होती, काहीजण दारात उभे होते, पण भिंतीपाशी ठेवलेल्या त्या खुर्चीत कोणी बसत नव्हतं. परत निघताना दुलारी माझ्याजवळ आली. केस आता आखूड, चष्मा. म्हणाली, रविवारचा वर्ग मी चालवते, मॅडम, पण साहेब कोणी मिळत नाही. पोरी साहेब झाल्या की हसतात. मग चष्मा सारखा करून, "आप से तो हम सब डरते थे. आप आएँगी?"

त्या रविवारी मी गेले. इस्त्रीची साडी, घड्याळ, सगळं नीट. दुलारीनं टॉवेल झटकून पसरला, टोकं सारखी केली. मी बसले. सोळा मुली रांगेत होत्या. मी खेकसले, घड्याळ बघितलं, "कल आना" म्हणाले. खेकसणं मला जमतं. एकीनं रेशनकार्डाचं विचारलं, एकीनं सायकलींच्या योजनेचं, एकजण म्हणाली की आय डू नॉट बिलीव्ह यू, सर, आणि मग घाबरून मॅम म्हणाली.

रांग संपली. शेवटी दुलारी उभी होती.

"डिड यू मेक द लिस्ट, मॅम?"

यावेळी व्याकरण बरोबर होतं. मुलींना काही ठाऊक नव्हतं, त्या आमच्याकडे बघत राहिल्या. मी कोपर टेकलं, आणि खट् करून चिमटा बसला. चांगलाच लागतो तो.

"आय डिड," मी म्हणाले.

"डिड यू नो व्हाय, मॅम?"

"आय डिड."

"थँक यू, मॅम," दुलारी म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

ओवी, तुला जो डू काहीच करत नाही असं वाटलं, त्याच्याबद्दल मला एवढंच सांगता येतं. बाकी रकाने मी फोनवर समजावीन.

आजोबा आता विचारतात, दर रविवारी तिकडे जायलाच हवं का? जायला हवं. स्मरणिका पुढच्या महिन्यात निघेल, तिच्यात ही बाई नसेल. नसू दे.

खुर्ची गुढियारीत आहे. तिचा डावा हात अजून सैल आहे, तो कोणी ठोकू देत नाही. टॉवेल झिजला आहे, पण हिरवा काठ शाबूत आहे. दर रविवारी चार वाजता वर्ग भरतो.

तुमची,
आजी